मोघ्यांच्या हॉलमधलं मेडिकल बोर्ड

कोविडच्या आधीच्या हिवाळ्यात लक्ष्मीबाई नगरात एक बातमी सकाळी दुधाच्या बूथवरून निघाली आणि दुपारच्या आत चार ब्लॉक फिरून आली. मोघेबाई म्हणे आपल्या सरकारी क्वार्टरात खोटी मेडिकल सर्टिफिकेटं बनवून देतात. पुरावे भक्कम होते. रोज संध्याकाळी साडेपाचला मोघ्यांच्या हॉलमध्ये तीन माणसं पांढरे कोट घालून टेबलामागे बसतात, हे समोरच्या बाल्कनीतून पडदा जरासा सरकवला की स्पष्ट दिसत होतं. टेबलावर रबरी शिक्का होता, शाईचं पॅड होतं. कुण्या फौजी माणसाची बायको एका मुलाला घेऊन यायची, आत जेमतेम दोन मिनिटं थांबायची आणि बाहेर पडायची. शिक्का तर असा दाणकन उठायचा की खाली बॅडमिंटन खेळणारी पोरं दचकत.

"दो मिनट में सर्टिफिकेट! यहाँ हमारा पासपोर्ट छह महीने से अटका है," असं रेसिडेंट असोसिएशनचे सेक्रेटरी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात रागापेक्षा कौतुकच जास्त होतं.

आता बातमी आणि खरं यांत तसा फार फरक नव्हता. बोर्ड बसत होतं, शिक्का उठत होता, कोट पांढरेच होते. फक्त डॉक्टर खोटे होते, आणि सर्टिफिकेट त्यांनी आजवर एकही दिलं नव्हतं. शिक्का शाळेच्या लायब्ररीतला होता. त्यावर 'पुस्तक लौटाने की तिथि' असं लिहिलेलं होतं.

पद्मजा मोघे वसंत कुंजच्या मागच्या एका शाळेत ऑटिस्टिक मुलांना शिकवायच्या. लग्न होऊन मिरजेहून दिल्लीला आल्या त्या बी.एड.ची मार्कशीट घेऊन. एका बाईंच्या बाळंतपणाच्या रजेत दोन महिन्यांसाठी म्हणून त्या शाळेत गेल्या. त्या बाईंचं बाळ पुढे इंजिनिअर झालं, तरी मोघेबाईंचे दोन महिने संपले नव्हते.

शाळेतली पद्धत घरी आणायची नाही, असा नियम त्यांनी कधीच केला नाही, हे त्यांच्या यजमानांचं, म्हणजे विश्वनाथरावांचं, दुर्दैव. विश्वनाथराव एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. ऑफिसात त्यांच्या हाताखाली अकरा माणसं, आणि घरी फ्रिजवर त्यांचेच चार फोटो चिकटपट्टीने लावलेले. एकात ते दुधाची पिशवी धरून उभे, एकात गीझर बंद करताना, एकात बीपीची गोळी तोंडात टाकताना. चौथ्या फोटोत ते टीव्हीसमोर पाय पसरून. काम झालं की फोटो काढून डब्यात टाकायचा, तिन्ही गेले की चौथा मिळायचा. शाळेत मुलांचा दिवस असाच चित्रांनी मांडतात. आता काय, मग काय, हे डोळ्यांना दिसलं की मुलांच्या जिवाला घोर राहत नाही.

"अगं, मी अठ्ठावन्न वर्षांचा माणूस आहे," विश्वनाथराव म्हणाले होते.

"म्हणूनच फोटो मोठे काढलेत," बाई म्हणाल्या.

दुसरी पद्धत दहा सेकंदांची. प्रश्न विचारला की उत्तरासाठी मनातल्या मनात दहा आकडे मोजायचे आणि तोवर मध्ये बोलायचं नाही. काही मुलांना शब्द जुळवायला तेवढा वेळ लागतो. शाळेत ही पद्धत फार गुणाची. पण हळदीकुंकवाला आलेल्या बाईला "चहा घेणार?" असं विचारून मोघेबाई तिच्याकडे दहा सेकंद न बोलता बघत राहिल्या, की ती बाई घाबरून "नको" म्हणायची. चार ब्लॉकांत मोघेबाई चिक्कू म्हणून प्रसिद्ध होत्या त्या एवढ्यामुळेच.

तर त्या फौजी माणसाच्या बायकोची गोष्ट.

ती गिरिजा सपकाळ. तिचा नवरा हवालदार मल्हारी, मूळ दहिवडीकडचा, राहायला दिल्ली कॅन्टात. मुलगा शहाजी, अकरा वर्षांचा, आजोबांचं नाव लावलेला. शहाजी मोघेबाईंच्या वर्गात दोन वर्षं होता. आला तेव्हा त्याला भूक लागली की तो भिंतीला डोकं लावून रडायचा, आणि गिरिजा घरातली एकेक वस्तू त्याच्यापुढे धरून ओळखायची, हे का ते. बाईंनी त्याला चित्र देऊन मागायला शिकवलं. शाळेतल्या तयार चित्रांत बर्गर होता, सँडविच होतं, शहाजी जे खातो ते एकही नव्हतं. मग बाईंनी एका रविवारी कॅन्टात जाऊन गिरिजाच्या तव्यावरच्या बाजरीच्या भाकरीचा फोटो काढून आणला. चार महिन्यांनी शहाजीने तो फोटो उचलून आईच्या हातात ठेवला. गिरिजा हे सांगायची तेव्हा दर वेळी एकच वाक्य सांगायची, "मॅडम, त्या दिवशी त्यानं मागितलं हो."

आणि आता मल्हारीची बदली निघाली होती, ईशान्येकडे, जिथे कुटुंब नेता येत नाही. म्हणजे गिरिजाने आणि शहाजीने गावी जायचं. गावी घर होतं, माणसं होती, शाळा नव्हती.

"गावची सगळी चांगलीच आहेत मॅडम," गिरिजा म्हणाली. "जीव लावतात त्याला. पण सगळी म्हणतात, चित्रं बंद करा, आपोआप बोलायला लागंल."

सुटकेची एकच वाट होती. मुलाला ऑटिझम असल्याचं सरकारी मेडिकल बोर्डाचं सर्टिफिकेट मिळालं आणि जानेवारी संपायच्या आत युनिटच्या ऑफिसात पोचलं, तर मल्हारीला दिल्लीतच आणखी दोन वर्षं मागता येत होती. बोर्डाची एक तारीख ऑक्टोबरात होऊन गेली होती. बंद दार, वर गरगरणारा पंखा, टेबलामागे ओळीने बसलेली तीन अनोळखी माणसं. शहाजीने ते एकदा पाहिलं आणि तो धूम पळाला तो थेट पार्किंगमधल्या अँब्युलन्सखाली. कागदावर शेरा पडला: मुलाने सहकार्य केले नाही, पुन्हा तारीख. पुन्हाची तारीख सतरा जानेवारी. त्यानंतर तारीख मिळाली तरी उपयोग नव्हता.

"मग आपण तालीम घेऊ," मोघेबाई म्हणाल्या.

त्यांच्या शाळेत सगळ्याची तालीम होते. न्हाव्याकडे जायचं असेल तर पहिल्या दिवशी दुकान नुसतं बघून यायचं, दुसऱ्या दिवशी खुर्चीला हात लावायचा, आठव्या दिवशी कात्रीचा आवाज ऐकायचा, पंधराव्या दिवशी केस. बोर्डाचीही तशीच घ्यायची. पण शाळेतली माणसं शहाजीच्या ओळखीची, त्यांचा उपयोग नाही. अनोळखी हवीत, टेबलामागे बसल्यावर पोटात गोळा येईल अशी हवीत. आणि लक्ष्मीबाई नगरात असल्या माणसांना काय तोटा! सगळी केंद्र सरकारच्या नोकरीत.

पहिले निवडले शशिकांत टेंबे, अंडर सेक्रेटरी, वरच्या मजल्यावर राहणारे. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"वहिनी, चेअरमन कोण?"

"तुम्ही."

"मग येतो."

दुसरे दत्तात्रय साळवी, ऑडिटमधले. ते म्हणाले, "मेंबर म्हणून बसतो, पण माझं वेगळं मत असलं तर ते नोंदवून घेतलं पाहिजे." तिसऱ्या चंद्रप्रभा शिंदे, निवृत्त हेड नर्स, दर रविवारी चर्चच्या कॉयरमध्ये पहिल्या रांगेत गाणाऱ्या. त्यांनी स्वतःचा स्टेथोस्कोप आणला, बीपीचं मशीन आणलं, आणि टेंबे मधल्या खुर्चीत बसलेले बघून म्हणाल्या, "चौतीस वर्षं वॉर्डात काढली मी, आणि चेअरमन हे?"

"सिस्टर, तुम्ही उजवीकडे बसा," मोघेबाई म्हणाल्या. "तुमच्या हातात टॉर्च आहे. चेअरमनच्या हातात काही नाहीये."

कोट करोल बागेतून आले. आणायला अर्थातच विश्वनाथरावांना पाठवलं होतं, फ्रिजवर पाचवा फोटो लावून. तीन कोट एकाच मापाचे मिळाले, त्यामुळे टेंब्यांचा पोटावर तंग बसला आणि साळवी त्यात बुडाले.

पहिल्या दिवशी शहाजीने फक्त दाराबाहेरून खुंटीवर टांगलेले कोट बघितले. दुसऱ्या दिवशी माणसांच्या अंगावरचे बघितले. तिसऱ्या दिवशी उंबऱ्यापर्यंत आला. बाईंनी एका पट्टीवर सहा चित्रं लावून त्याच्या हातात दिली होती: दार, खुर्ची, तीन कोट, टॉर्च, शिक्का, घर. तो अंगठ्याने शेवटचं 'घर' चोळत राहायचा. चौथ्या दिवशी तो खुर्चीवर टेकला, बाईंनी दहा मोजले, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "झालं. घर."

टेंबे उखडलेच. "दहा सेकंदांसाठी मी ऑफिसातून लवकर निघालो? दाढी करून?"

"उद्या पंधरा होतील. उद्याही करून या."

पाचव्या दिवशी टेंब्यांना प्रश्न विचारायची परवानगी मिळाली. त्यांनी खाकरून घेतलं. "बेटा, नाम क्या है?"

"बेटा, नाम क्या है," शहाजी त्यांच्या कोटाच्या बटणाकडे बघत म्हणाला. ऐकलेलं वाक्य परत म्हणायची त्याची रीतच होती.

"शशिकांत वामन टेंबे," टेंबे ताडकन म्हणाले, आणि खात्याचं नाव, इमारत आणि खोलीचा नंबरही सांगून मोकळे झाले. साळव्यांनी ते लिहूनही घेतलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण सरकारी माणसाला तीन खुर्च्या, एक टेबल आणि एक शिक्का दिला की काय होतं, ते मोघेबाईंच्या अजून लक्षात आलेलं नव्हतं. सहाव्या दिवशी मुलाची वीस सेकंदं संपून तो आत बाईंबरोबर पाणी प्यायला गेला, तरी बोर्ड उठेना. चहा-चिवडा होईतो बसायचंच आहे तर कागद तरी बघू, म्हणून साळव्यांनी गिरिजाची प्लॅस्टिकची फाइल पुढे ओढली. पान उलटलं, मागे उलटलं, परत पुढे उलटलं. टेंब्यांनी चष्मा बदलला. सिस्टरनीही, "बघू, बघू," म्हणत मान घातली. मग टेंबे सांगू लागले आणि साळवी लिहू लागले.

गिरिजा शहाजीचे बूट घेऊन दारात आली तेव्हा टेंब्यांचा आवाज चांगलाच लागला होता. "सदर अर्जासोबतची कागदपत्रे अपूर्ण असल्याने अर्ज नामंजूर करण्यात येत आहे."

तिला माहीत होतं की हे शेजारी आहेत. दोनच मिनिटांपूर्वी याच माणसाने तिच्याकडे आणखी चिवडा मागितला होता. तरी तिचा चेहरा उतरला. हातातले बूट तसेच छातीशी धरून ती दाराजवळच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "म्हंजे परत तारीख का हो साहेब?"

ते ऐकून मोघेबाई आतून बाहेर आल्या. सिस्टर शिंद्यांनी फाइल उचलली आणि चेअरमनच्या खांद्यात हाणली. विश्वनाथराव स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभे होते. त्यांना वाटलं, आता ही फोडणार सगळ्यांना. पण बाई आरडाओरडा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी तिघांच्या अंगातले कोट काढून घेतले, खुंटीला लावले, आणि म्हणाल्या, "बोर्ड आजपुरतं बरखास्त. गिरिजा, हे नाटक आहे. ह्यांना ते सांगायचं मीच विसरले."

तिघं चपला घालायला लागले. साळवी मात्र घुटमळले. "वहिनी, रागावू नका, पण आक्षेप खरा आहे. युनिटच्या डॉक्टरांचं पत्र जूनमधलं आहे. अर्जाच्या पाठीमागे बारीक छापलंय, सहा महिन्यांच्या आतलं हवं म्हणून. सतरा तारखेला खिडकीवरच परत पाठवलं असतं."

बाईंनी वाचलं. विश्वनाथरावांनी वाचलं. खरंच तसं छापलेलं होतं. मल्हारीने दुसऱ्याच दिवशी नवं पत्र आणलं. साळव्यांनी आयुष्यभर असल्या चुका काढल्या होत्या आणि त्याबद्दल त्यांना कुणी चहासुद्धा पाजला नव्हता. गिरिजाने वाकून नमस्कार केला तेव्हा ते इतके बावचळले की त्यांनी उलट तिलाच वाकून केला.

याच आठवड्यात ती बातमी दुधाच्या बूथवर पोचली. आणि पोचली म्हणजे कशी, एका रविवारी सकाळी मिठाईचा डबा घेऊन एक गृहस्थ गाझियाबादहून मोघ्यांच्या दारात हजर!

"मोघे जी? सुना है आपके यहाँ बोर्ड बैठता है।"

"कौन सा बोर्ड?" विश्वनाथरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अरे साहब, हमसे क्या छुपाना। लड़के का घुटना है। नौकरी में कोटा मिल जाए तो... जो सेवा होगी, कर देंगे।"

विश्वनाथरावांनी दार लावलं. डबा उंबऱ्यावरच राहिला आणि त्यात मुंग्या झाल्या. निवृत्तीला चौदा महिने उरलेले, आणि घरी फर्जी मेडिकल बोर्ड चालवल्याचा आरोप! त्या दिवशी जेवताना त्यांना पोळीच्या जागी चार्जशीट दिसत होती.

"अगं, हे थांबवायला हवं," ते म्हणाले. "निदान शाळेत न्या. कुणी व्हिजिलन्सला चिठ्ठी टाकली तर? पेन्शन अडकेल माझी."

"शाळेत अनोळखी माणसं कुठून आणू? आणि थांबवलं तर त्या पोराचं काय होईल?" बाईंनी विचारलं, आणि त्या बघत राहिल्या. एक, दोन, तीन. विश्वनाथरावांना नवल वाटलं ते याचं की तीस वर्षं संसार करूनही त्या दहा सेकंदांपुढे आपला टिकाव लागत नाही. सातव्या सेकंदाला ते स्वतःच म्हणाले, "बरं, मी दारावर नोटीस लावतो."

नोटीस त्यांनी ऑफिसच्या हिंदीत लिहिली: यहाँ कोई प्रमाणपत्र निर्गत नहीं किया जाता। यहाँ केवल पूर्वाभ्यास होता है। परिणाम असा झाला की दुसऱ्या दिवसापासून कोणतं नाटक बसतंय ते विचारायला लोक येऊ लागले. महाराष्ट्र मंडळातल्या दोघांनी तर रोल मागितला, एकाने दाढी काढायचीही तयारी दाखवली. बाईंनी त्यांना बाहेरच्या जिन्यावर ओळीने बसवलं. सरकारी इस्पितळात गर्दी असते, ती तालमीत नव्हती. फुकटात झाली.

गिरिजालाही त्यांनी एक काम लावून दिलं. अकराव्या दिवसापासून तिने शहाजीला दारात सोडायचं आणि निघून जायचं.

"कुठं जाऊ मॅडम?"

"सरोजिनी नगर मार्केट. दीड तास. शहाजीसाठी काहीही घ्यायचं नाही."

"मग तिथं करायचं काय?"

"ते मला नाही माहीत. मी फक्त शहाजीला शिकवते."

पहिल्या दिवशी ती मार्केटच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन पंधरा मिनिटांत परत आली. चौथ्या दिवशी पूर्ण दीड तासाने आली, ओठ तिखटाने लाल. उभ्या उभ्या टिक्कीची एक अख्खी प्लेट खाल्ली म्हणाली, गरम असताना. शहाजी झाल्यापासून गरम असं तिने काही खाल्लंच नव्हतं. विश्वनाथरावांनी हे ऐकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण भांडी लावत बसले.

राहता राहिलं ताटकळणं. इस्पितळात तीन तास तरी बाहेर बसावं लागणार, आणि शहाजीला वाट बघणं म्हणजे शिक्षा. पण इथे चेअरमन कामी आले. माणसांना बाहेर बसवून ठेवण्याचा टेंबेसाहेबांचा बत्तीस वर्षांचा अनुभव होता. आत बसून ते नुसते पेपर वाचायचे, मध्येच बेल वाजवायचे, कुणालाच बोलवायचे नाहीत. बाई जिन्यावर शहाजीशेजारी बसून वाळूचं घड्याळ उलटं करायच्या. पाच मिनिटं, वीस, पन्नास. "टेंबेभावोजी, हे तुमच्याइतकं कुणालाच जमलं नसतं," त्या म्हणाल्या, आणि टेंबे दोन दिवस खुशीत होते.

एकविसाव्या संध्याकाळी शहाजी एक तास जिन्यावर बसला, आत आला, खुर्चीवर सहा मिनिटं बसला, सिस्टरना डोळ्यात टॉर्च मारू दिला, शिक्का होईपर्यंत थांबला. मग उठून त्याने तिन्ही कोट पाठीमागून नीट खाली ओढले. साळव्यांचा थोडा वर गेला होता.

सतरा जानेवारीला धुकं होतं. मल्हारी सामान बांधायच्या रजेवर होता, पण बोर्डाने शाळेच्या माणसांबरोबर आत एकाच पालकाला घेतलं असतं, आणि बाप घाईत असला की शहाजी बिथरायचा. त्यामुळे गिरिजा, मोघेबाई, आणि फाइल धरायला विश्वनाथराव कॅज्युअल लीव्ह टाकून गेले. बाहेर अडीच तास लागले. वाळूचं घड्याळ तीस वेळा उलटं झालं. शेजारी बसलेल्या एका म्हातारबुवांनी शेवटी ते धरायला मागितलं.

नाव पुकारलं. दार उघडलं. शहाजी उंबऱ्यावर थांबला तो थांबलाच.

आत तीन डॉक्टर होते. कोट एकाच्याही अंगात नव्हता! दिल्लीच्या थंडीत तिघांनी जाड स्वेटर घातले होते, मधल्या मोठ्या डॉक्टरांनी वर मफलर. मोघेबाईंनी पंखा धरला होता, बेल धरली होती, जिन्यावरची गर्दी धरली होती, आणि जानेवारी धरायला त्या विसरल्या होत्या. गिरिजाने विश्वनाथरावांची बाही पकडली. शहाजीने हातातल्या पट्टीकडे बघितलं, समोर बघितलं, पुन्हा पट्टीकडे बघितलं. मग तो म्हणाला, कुणाचं वाक्य परत न म्हणता, स्वतःचं, "कोट?"

डाव्या बाजूची तरुण डॉक्टरीण हसली. तिने खुर्चीच्या पाठीवर टाकलेला कोट उचलून स्वेटरवरून चढवला, दोन्ही बाह्या ओढून दाखवल्या. शहाजी आत गेला आणि खुर्चीवर बसला.

सहा मिनिटं तो बसला. टॉर्च झाला. वजन झालं. नाव विचारल्यावर त्याने प्रश्न परत म्हटला, चित्रांतून पाण्याचं चित्र उचलून दिलं. विश्वनाथरावांना वाटलं, जमलं. तेवढ्यात मफलरवाल्या मोठ्या डॉक्टरांनी जुना कागद काढला, चष्म्यावरून शहाजीकडे पाहिलं आणि पेन टेबलावर ठेवलं.

"यह तो बिल्कुल आराम से बैठा है। पिछली बार लिखा है कि भाग गया था। जो बच्चा ऐसे बैठता है, उसे ऑटिझम कहाँ है? हम क्या सर्टिफाई करें?"

एकवीस संध्याकाळी शिकवलेलं पोर नेमकं शिकल्यामुळेच अडकत होतं. तीस वर्षांच्या सवयीने विश्वनाथराव फाइलमधून शाळेचे रिपोर्ट, दोन वर्षांच्या नोंदी, जे हाताला लागेल ते काढायला लागले. पण बाई त्यांच्या आधी बोलल्या.

त्या काय बोलल्या, याच्या लक्ष्मीबाई नगरात आजही पाच आवृत्त्या आहेत. सर्टिफिकेट झालं, याबद्दल मात्र दुमत नाही. मोठ्या डॉक्टरांनी शाळेच्या नोंदी मागून घेतल्या, पंचवीस मिनिटं वाचल्या, मध्ये दोनदा शहाजीकडे पाहिलं, आणि सही केली. कागद एकोणीस तारखेला युनिटात पोचला, मल्हारीला दोन वर्षं मिळाली, गिरिजा पुढेही दर गुरुवारी टिक्की खायला जात राहिली. पण टेंबे सांगतात की बाईंनी कायद्याचं कलम तोंडपाठ म्हटलं, तेही आपण पढवलेलं. साळवी म्हणतात, माहितीच्या अधिकाराची धमकी दिली. दुधाच्या बूथवर असं आहे की त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि डॉक्टर उभे राहिले. सिस्टर शिंदे म्हणतात, देवाने त्यांच्या तोंडी शब्द घातले.

खोलीत होते ते विश्वनाथराव. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मूठ नव्हती, कलम नव्हतं, आवाजसुद्धा चढला नव्हता. बाई खाली वाकून शहाजीच्या स्वेटरचं बटण लावत होत्या, आणि डॉक्टरांकडे न बघता हिंदीत बोलल्या. मराठीत सांगायचं तर ते असं:

"डॉक्टरसाहेब, गेल्या वेळी पोरगा पळाला म्हणून तुम्ही सही केली नाहीत, आज बसला म्हणून करत नाही. तर त्याने नेमकं काय करायचं ते एकदा कागदावर लिहून द्या, मी तेवढं बसवून आणते."